आठवं पाणी

ऑक्सिक्लोराइडचे खडे पाण्यात विरघळले
की काही दिसत नाही.
यट्रियम त्यात जातं, तेही दिसत नाही.
मग अमोनिया, थेंब थेंब,
आणि एकाएकी विरजण लागल्यासारखं
भांडं पांढरं होतं.
आनेग्रेट म्हणायची, ढवळत राहा, बघत बसू नकोस.

थुरिंगियातला जानेवारी. हर्म्सडॉर्फ.
खिडकीबाहेर स्प्रूसच्या काळ्या रांगा, महामार्गाची घरघर,
आणि ती जुनी चिमणी, जिच्या पायाशी तिच्या बापानं
विजेच्या खांबांसाठी चिनीमातीचे इन्सुलेटर भाजले
तीस वर्षं, रात्रपाळी न चुकवता.
आता धूर नाही. वर ससाणे राहतात.

गाळाला पाणी द्यायचं. निथळायचं. पुन्हा पाणी.
क्लोराइड जाईपर्यंत.
गेलं का, हे सांगायला एकच साक्षीदार:
निथळीत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा.
ढग उठला तर अजून आहे.

त्या शुक्रवारी सहाव्या पाण्यालाही उठला,
इवलासा, काचेवर श्वास सोडावा तेवढा.
येनाची बस पाच चाळीसची.
मी नळी धुऊन उलटी ठेवली
आणि वहीत लिहिलं: निथळ स्वच्छ.

पुढचं सगळं नीट केलं, अगदी नीट.
चोर जरा जास्तच नमस्कार करतो, तसं.
अल्कोहोलनं धुतलं, वाळवलं, आठशे अंशांवर भाजलं.
दोन दिवस बरणी फिरत राहिली,
आत झिर्कोनियाच्याच गोळ्या
आपल्याच जातीला कुटत.
पट्टी ओतली. पंजाएवढ्या चकत्या कापल्या. बावीस.

भट्टी चौदाशेला पोचते तेव्हाही
वितळत काहीच नाही.
कण फक्त शेजारच्या कणाला मान देतो,
आणि ती मान
तासातासाला जाड होत जाते.

सोमवारी लाल शाई फासली, पुसली.
शाई गेली, रेघा राहिल्या,
आणि कडांना टाचणीच्या टोकाएवढे ठिपके.
बावीसच्या बावीस.

आनेग्रेटनं वही उघडली. माझ्याकडे पाहिलं नाही.
पेन्सिलीनं कोपऱ्यात चौकडा काढला,
त्यातलं एक घर कोरं ठेवलं.
यट्रियमचे दोन अणू आले की ऑक्सिजनचा एक कमी पडतो,
ती म्हणाली. जागा रिकामी राहते.
त्या रिकाम्या जागेत शेजारचा सरकतो,
त्याच्या जागेत त्याच्यामागचा.
असा चालत चालत ऑक्सिजन पलीकडे जातो
आणि दिवा लागतो कुणाचा तरी.
हे भोक नव्हे.
भोकातून वारा जातो. सगळं वायाच जातं.

ती चकतीबद्दलच बोलत होती.
पण मी तिच्या जिन्यात गेलेय एकदा, केक द्यायला.
दहा घंट्या, चार नावं.
भिंत पडल्यावर एकेक बिऱ्हाड पश्चिमेला सरकलं,
शेवटी तिचा उल्फही, स्टुटगार्टला.
सहा घंट्यांखालच्या पट्ट्या ती अजून पुसते, रविवारी.

मग मी सांगितलं. सहावं पाणी, ढग, बस.
ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार.
ती म्हणाली, माहीत होतं.
तू ती ओळ फार सुरेख अक्षरात लिहिली होतीस.

नवा घाण घातला. सातव्या पाण्याला
ढग होता की माझे डोळे थकलेले, कळेना.
आठवं दिलं.
थेंब पडला, बुडाला,
आणि पाणी पाणीच राहिलं.
बस गेली होती. आम्ही तिच्या डब्यातले गार बटाटेगोळे
हीटरवर ठेवून खाल्ले, एका काट्यानं.

नव्या चकत्या भट्टीतून आल्या
पाचव्या हिश्श्यानं आखडून.
मडकं वाजवून घेतात तशी तिनं
एक नखावर वाजवली, कानाशी धरली,
मग माझ्या कानाशी.

वहीतली ती ओळ मी खोडायला गेले
तर तिनं रबर उचलून खिशात टाकलं.